मागच्या दाराचं हँडल

सुदामा नगर, इंदूर
६ सप्टेंबर २०२५

सुलू,

सगळ्यांत आधी आली ती समोरची प्रियंका, पिठाचे हात तसेच घेऊन. तिच्यामागून कोपऱ्यावरचे कृष्णराव, बनियनवरच. मग गल्लीतली यच्चयावत पोरं. मी म्हटलं, अरे माझ्या गणपतीला तरी इतकी माणसं आली नव्हती. आपल्या शंतनुनं गाडी घेतली, ती बघायला सगळी लोटली होती.

नवी नाही हं. नवी असती तर प्रियंका कणीक मळून, हात धुऊन, पावडर लावून आली असती. जुनी आहे, तुझ्यामाझ्या लग्नांच्याही आधीची. डुक्कर फियाट. समोरून नाक फुगलेलं असतं ना, तीच. आमच्याकडचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, पितृपक्ष तोंडावर आलाय आणि नातवानं घरात डुक्कर आणलं. मी म्हटलं, लागायच्या आत आणलं ना, मग झालं तर. महूला एका पारशी बाईंच्या बंगल्यात कधीची उभी होती. मोटारसायकलीच्या भावात मिळाली म्हणे. टेम्पोवर चढवून आणली, कारण स्वतःच्या पायांनी ती येत नाही अजून.

मी आरती केली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आता गाडी चालेचना तर लिंबू चिरडणार कसं? शेवटी कृष्णराव आणि पोरांनी मागून ढकललं तेव्हा ते फुटलं. आणि सुलू, तिचं पुढचं दार उलटं उघडतं बघ. आधी निवांत बसायचं, मग पाय आत घ्यायचे, साडीची एक निरी हलत नाही. मी बसले. मग प्रियंकाही बसली, तिच्या पिठाचे ठसे सीटवर अजून आहेत.

तुला वाटेल ही म्हातारी एका भंगार गाडीपायी काय नाचतेय. तुला मी सगळं लिहिलं नव्हतं. शंतनु होळीपासून इथे आहे ना, तो सुट्टीवर नाही आला. बंगलोरची नोकरी गेली त्याची. आईबाप भोपाळला, तिकडे जात नाही, म्हणतो तिथे सगळे विचारतात. मी विचारत नाही, म्हणून माझ्याकडे. पण विचारत नाही म्हणजे काळजी नाही असं थोडंच असतं. दिवसभर खोलीचं दार बंद. पोहे ठेवले तर पोहे तसेच, त्यावरची सेव सादळून जायची. मी येता-जाता दाराला कान लावायची. पंखा चालू आहे, म्हणजे आहे. कधी नुसतीच कडी वाजवायची आणि विचारायची, बाबा, माझा चष्मा तुझ्याकडे आहे का? चष्मा माझ्या नाकावरच असायचा.

आणि काल तो गाडीखाली आडवा पडला होता, पाय तेवढे बाहेर, आणि शिटी वाजवत होता. कुठलं गाणं ते मला कळलं नाही. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

आता मुद्द्याचं. गाडीला ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं हँडल नाही, एका दिव्याची कडी नाही. त्याला ओरिजिनलच पाहिजे. मी म्हटलं नळाच्या दुकानात मिळेल की एखादी मूठ, तर हसला. सुलू, हसला. त्याचा मित्र आहे उन्मेष, जुन्या इंदूरमध्ये गॅरेज आहे त्याचं, पोरं त्याला उन्मेष भिया म्हणतात. तो म्हणाला, आजी, ही वस्तू आता दुकानात नाही मिळत, तसल्याच दुसऱ्या गाडीच्या अंगावरून काढावी लागते. आणि मला एकदम तुझे बाबूराव आठवले. त्यांची ती हिरवी डुक्करच ना गं? शेडमध्ये असेल अजून. बाबूराव गेल्यापासून ती चालत नाही हे मला ठाऊक आहे, मग तुला तिचा काय उपयोग? मी पोराला सांगून टाकलं, माझ्या सुलूकडे आहे, एका शब्दात देईल.

फोनवर तुला ऐकू येत नाही, तू हॅलो हॅलो करून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. मागच्या गल्लीतली सुनीता तुमच्या देपालपूरच्या शाळेत अप-डाऊन करते, तिच्या हाती देते. उत्तर तिच्याच हाती दे. बरी पोर आहे, उघडून वाचायची नाही.

कुमुदताई


देपालपूर
११ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. पोराचं वाचून जीव हलला. त्याला तुपाचा हात सैल सोडून खिचडी दे, सेव देऊ नको नुसती.

गाडी नाही आता. निशांतनं ती कधीच देऊन टाकली. शेडमध्ये सोयाबीनची पोती असतात. मुलगाच तो, त्याच्या व्यापाराला जागा लागते, मी कशाला मध्ये पडू. त्यामुळे हँडल वगैरे माझ्याकडे काही नाही. शंतनुला म्हणावं दुसरीकडे बघ, इंदूर केवढं मोठं आहे.

तो उन्मेष कोण? अशा गाड्या शोधत गावोगाव फिरतो का तो?

कानाचं यंत्र निशांतनं नवं आणलं होतं, त्यात नुसती शिटी वाजते. काढून ठेवलंय.

सुलोचना


सुदामा नगर, इंदूर
२० सप्टेंबर

सुलू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शंतनुला सांगितलं, मावशीआजीकडची गाडी गेली रे. तो म्हणाला, ठीक आहे आजी. हे ठीक आहे मला ओळखीचं झालंय, त्याच्या मागोमाग खोलीचं दार लागतं.

मग त्यानं काय काय केलं नाही. कबाड्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, हात काळे करून यायचा. मग फोनवर कोणी रतलामचा भेटला, एकदम ओरिजिनल म्हणाला, फोटो पाठवला, पार्सल आलं. आम्ही सगळे जमलो उघडायला, हेसुद्धा पेपर ठेवून आले. चकचकीत होतं गं, माझ्या चांदीच्या ताम्हनापेक्षा. बसवलं, दार ओढलं, आणि हँडल हातात आलं. नकली. वरचा मुलामा त्याच्या तळहाताला लागला. प्रियंका म्हणाली, भिया, फेविक्विक लावून बघा. तिला मी नंतर बोलले.

तेव्हापासून गाडीवर ताडपत्री. खोलीचं दार बंद. परवा मला म्हणाला, आजी, विकून टाकू या ना, फालतू में जागा अडते तुमची. मी म्हटलं जागा माझी आहे, मला नाही अडत. पण मी दाराला कान लावला तर आता पंखासुद्धा ऐकू येत नाही, बंद करून पडतो. पंखा बंद का करतो हे मी कोणाला विचारू? यांना सांगितलं तर म्हणतात, विजेची बचत करतोय. बोलतात असं, आणि मग दारासमोरून विनाकारण चार चकरा मारतात.

आता तुझ्याविषयी. तुझी चिठ्ठी घ्यायला सुनीता आली होती ना, तेव्हा तिनं शेडकडे पाहिलं. काल भाजीवाल्यापाशी मला सहज म्हणाली, मावशींच्या शेडमध्ये तुमच्यासारखीच गाडी आहे की, हिरवी, काच पुसलेली. सुलू, सुनीता कशाला खोटं बोलेल? सोयाबीनच्या पोत्यांना काच असते का?

मला फार लागलं. मी काय परकी आहे? बाबूरावांच्या आठवणीचं म्हणशील तर मी काय ती अख्खी गाडी मागितली? एक मूठभर हँडल. माझा नातू भिंतीपलीकडे विझत चाललाय आणि तू मला सोयाबीन सांगतेस.

आणि मी रागात शंतनुला सांगून बसले, गाडी आहे म्हणून. दार उघडलं त्यानं. दाढी केली. आता तो आणि उन्मेष खंडेनवमीला तुझ्याकडे यायचं म्हणतात. त्या दिवशी उन्मेषची सगळी अवजारं पूजेत असतात, गॅरेज बंद असतं, म्हणून तो मोकळा. मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?

लवकर लिही. रागावलेय, पण लिही.

कुमुदताई


देपालपूर
२५ सप्टेंबर

ताई,

गाडी आहे. तुला खोटं लिहिलं. अक्षरावरून तुला कळेल असं वाटलं होतं.

तुला हे कसं सांगू. माझे कान गेले तेव्हा हे होते. घरात सगळे बोलायचे, हसायचे, मी बघत बसायची. लोक मोठ्यानं बोलतात, मग कंटाळतात, मग तू राहू दे म्हणतात. हे संध्याकाळी मंडीतून आले की मला गाडीत घालून गौतमपुऱ्याच्या रस्त्यानं फिरवून आणायचे. तिथे मी हात दारावर ठेवायची, आणि गाडी हातातून वर चढायची. चढाव आला, गिअर बदलला, पूल लागला, सगळं मला कळायचं. ते काय बोलतात ते कळत नव्हतं, पण गाडी कळायची. तेवढंच मला ऐकू यायचं ताई.

ते गेले त्या दिवशीही आम्ही फिरून आलो होतो. गाडी शेडमध्ये लावली, जेवले, झोपले ते झोपलेच. दुसऱ्या दिवशी लोकांना आणायला निशांतनं गाडी काढायला बघितली तर ती सुरूच होईना. सगळे म्हणाले, मालकाबरोबर तिनंही जीव सोडला. नंतर मिस्त्री आणला होता, त्यानं झाकण उघडून सांगितलं की आतला एक पुर्जाच नाही आणि तसला आता कुठे बनत नाही. निशांतनं मला कागदावर लिहून दाखवलं, पुर्जा नाही, भंगार झाली.

तेव्हापासून दुपारी सगळे पडले की मी जाऊन बसते. काच पुसते. दारावर हात ठेवते. काही येत नाही हातात, पण बसते. घरात कोणाला माहीत नाही असं मी समजते.

निशांतला यंदा शेड रिकामी हवी आहे. वाईट नाही गं तो, पोतं उघड्यावर भिजतं त्याचं. दिवाळीच्या साफसफाईत कबाड्याला बोलावणार म्हणाला. मी मान हलवली. आणि त्यातच तुझं पत्र आलं की हँडल हवं. मला भीती वाटली. एक हँडल निघालं की म्हणतील आता काच काढा, दिवा काढा, आणि मग निशांत म्हणेल आता राहिलंय काय.

त्यांचं माझ्याकडे दुसरं काही नाही. कपडे वाटले, चष्मा त्यांच्याबरोबरच गेला. देवघरात एक काळी सोंगटीएवढी वस्तू आहे, डोक्यावर पितळेची पट्टी. रोज फिरून आलो की खिशातून काढून देवापुढे ठेवायचे, सकाळी कपाळाला लावून घेऊन जायचे. उज्जैनच्या कोणा महाराजांना ते मानायचे, त्यांनी दिलेली असेल. ती मी देवांबरोबर न्हाऊ घालते, गंध लावते. ती आणि ही गाडी.

पोराला येऊ दे. माझ्या दारातून तुझा नातू परत जावा इतकी मी वाईट नाही. पण पाना आणू नको म्हणावं.

सुलोचना


सुदामा नगर, इंदूर
२९ सप्टेंबर

सुलू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा चष्मा पुसून. मला कधी सुचलंच नाही विचारायचं की तुला काय ऐकू येतं. आम्ही सगळे हेच म्हणत राहिलो की सुलूला ऐकू येत नाही.

मग मी विचार करत बसले की हे पत्र त्याला दाखवू की लपवू. लपवलं तर तो येऊन तुझी गाडी उघडणार. दाखवलं तर तो परत खोलीत. इकडे तू, तिकडे तो, आणि मी मध्ये भाजी निवडत. यांना विचारलं. हे पेपर घडी करून ठेवून म्हणाले, दाखव. लपवून घर चालत नाही.

दाखवलं. उभ्यानंच वाचलं त्यानं, शेवटपर्यंत. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मग नाही जात आजी, त्यांची गाडी राहू दे. आणि आत गेला. कडी लावली. मला वाटलं, झालं, माझ्याच हातानं मी दिवा मालवला.

मी कडी वाजवत राहिले. या वेळी चष्म्याचं सोंग नाही केलं. म्हटलं, शंतनु, तुला हँडलसाठी नाही पाठवत. नवमीच्या दिवशी माझी बहीण भरल्या घरात एकटीनं जेवायला नको म्हणून पाठवतेय. दाल-बाफले करते ती, तुझ्या आजोबांनी एकदा इतके खाल्ले होते की बस चुकली होती. जा, जेव, नमस्कार कर, ये. आतून म्हणाला, उन्मेषला विचारतो.

येतायत. दोघं मोटारसायकलवर. पाना नाही, पिशवी नाही, मी खिसे बघूनच सोडणार आहे. फक्त एक कर. तो मुका बसला तर त्याला टोकू नको. आणि तिथे पानात टाकलं तर मला कळव, पण जेवला तर नक्की कळव.

निशांतशी मी बोलू का? का मी बोलले की आणखी बिघडेल? मला आता कशातलंच कळेनासं झालंय. सुनीतेची शाळा उद्यापासून बंद, म्हणून आजच घाईनं देतेय.

कुमुदताई


देपालपूर
१ ऑक्टोबर, खंडेनवमी

ताई,

पोरं अंगणात हात धुतायत, तेवढ्यात हे लिहून शंतनुच्याच खिशात घालते. जेवला. आधी तेच लिहिते. बाफले मोडून तूप घालून जेवला, डाळ दोनदा घेतली.

आला तो शेडकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही त्यानं. उन्मेषची मान आपोआप तिकडे जायची, तर हा त्याला कोपरानं ढोसायचा. मला दिसत होतं. कान गेले की डोळे फार बघतात. निशांत लांब लांब राहत होता, त्याला वाटलं मी पोरांना तक्रार करायला बोलावलंय.

जेवण झाल्यावर म्हटलं, देवाला नमस्कार करा. पाटावर नवमीची पूजा मांडली होती. विळी, कातर, अडकित्ता, निशांतचा मंडीतला जुना काटा, त्याचाच दाढीचा वस्तरा आणि ती काळी सोंगटी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. शंतनु वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग खाली बसला. उन्मेषला हात धरून बसवलं. दोघं त्या सोंगटीकडे बघतायत, एकमेकांकडे बघतायत. मला वाटलं पोरांना काही झालं. शंतनुनं हात पुढे केला तिला उचलायला, आणि मी त्याच्या हातावर फटकन मारलं. पाहुण्याला मारलं ताई, पहिल्याच भेटीत. पूजेतली वस्तू दशमीला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलत नाही, हे त्याला काय माहीत.

तो रागावला नाही. निशांतच्या फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं: मावशीआजी, हा गाडीचा तुकडा आहे.

मग एकेक ओळ लिहीत गेला, मी वाचत गेले. पुढच्या झाकणाखाली एक टोपी असते, तिच्यात हा फिरतो, हा फिरला तरच इंजिनात ठिणगी जाते. हा काढून घेतला की चोराला गाडी नेता येत नाही. जुनी माणसं रात्री काढून घरात आणून ठेवायची. मावसाआजोबांनी त्या रात्रीही काढून ठेवला होता.

ताई, तिनं जीव सोडला नव्हता. तिचा जीव माझ्या देवघरात होता. मी रोज त्याला न्हाऊ घालत होते, गंध लावत होते, आणि उठून शेडमध्ये जाऊन मेलेल्या गाडीची काच पुसत होते.

निशांतचं तोंड बघवेना. याच तुकड्यासाठी मिस्त्रीनं हात वर केले होते आणि तो मला कागदावर पुर्जा नाही लिहून दाखवत होता, मी देवघरापुढेच बसून वाचत होते. दोघांपैकी एकानं जरी विचारलं असतं, कसला पुर्जा? निशांत माझ्यासमोर येऊन, ओठ नीट हलवून म्हणाला, "आई, कबाड्याला मी नाही सांगणार."

शंतनुला आत्ताच बसवून बघायचं होतं. मी म्हटलं नाही, उद्या. उन्मेषनंही कानाला हात लावला, त्याची स्वतःची अवजारं पाटावर आहेत, तो मला कुठल्या तोंडानं सांगणार. त्यानं लिहून दाखवलं की सुरू होईलच असं नाही, पेट्रोलची नळी सडली असेल, बॅटरी दुसरी आणावी लागेल, आजींनी आशा फार धरू नये. धरली आहे मी. रात्री झोप लागणार नाही.

मग मीच शंतनुला शेडमध्ये नेलं. माझ्या जागेवर बसवलं, त्याचा हात घेऊन दारावर कुठे ठेवायचा ते दाखवलं. बसला तसाच, डोळे मिटून. उतरताना मी त्याला म्हटलं, पुढच्या दाराचं हँडल माझं आहे, ते मागू नको. मागच्या डाव्या दाराचं काढून ने, मागे आता बसतो कोण. तर उन्मेष उडालाच, मागचं डावं म्हणे यांच्या पुढच्या उजव्या दाराला बरोब्बर बसतं, दारं उलटी आहेत ना म्हणून. शंतनुनं मान हलवली. फोनवर लिहिलं, आधी तुमची सुरू होऊ दे, मग.

आत्ता अंगणात हौदापाशी उभा आहे, हातावर पाणी घेतोय. ओठ गोल केलेत त्यानं. मला ऐकू येत नाही ताई, पण शिटीच असणार ती.

उद्या पूजा उठली की दोघं परत येतायत, अवजारं आणि बॅटरी घेऊन. तुला आणि भाऊजींना घेऊन येईन म्हणतोय शंतनु. सोनं इकडेच लुटू. उद्या, गुरुवारी, दसऱ्याला.

सुलू